बेकरीच्या इंग्रजीतली शेपटीवाली क्रियापदे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या खोलीत मी बेकिंगचे वर्ग घेते. येणाऱ्यांत निम्म्या घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायका असतात. बाकीची मुलेमुली कॅनडा-ऑस्ट्रेलियाला जाऊन तिथल्या बेकरीत काम धरू पाहणारी. हात सगळ्यांचे चांगले असतात, गाडी अडते ती इंग्रजीपाशी. तीही मोठ्या शब्दांपाशी अडत नाही. 'फर्मेंटेशन', 'इमल्शन' हे शब्द कोशात सापडतात, एकदा समजले की कायमचे समजतात. त्रास देतात ते 'इन', 'आउट', 'अप', 'डाउन', 'बॅक', 'ऑफ' हे चिमुकले शब्द. क्रियापदाच्या मागे शेपटीसारखे चिकटतात आणि त्याचा अर्थच फिरवून टाकतात. दर बॅचला तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा सगळी उत्तरे लिहून काढली.

काकू, फ्रेजल व्हर्ब म्हणजे नक्की काय?

क्रियापद आणि त्याला जोडलेला छोटा शब्द, दोघांचा मिळून होणारा वेगळाच अर्थ. 'रोल' म्हणजे नुसते फिरवणे, गोल जाणे. 'रोल आउट' म्हणजे लाटणे, कारण लाटण्याखाली पीठ बाहेरच्या बाजूला पसरत जाते. 'रोल अप' म्हणजे गुंडाळणे. पोळी आपण 'रोल आउट' करतो, अळूवडी 'रोल अप' करतो. स्विस रोलच्या कृतीत हे दोन्ही शब्द दोन ओळींच्या अंतराने येऊ शकतात.

हा प्रकार आपल्याला परका नाही. आपण 'लाटून घे' म्हणतो, 'लाटून ठेव' म्हणतो, 'लाटून दे' आणि 'लाटून टाक' म्हणतो. लाटणे चारही ठिकाणी तेच. 'घे'मध्ये पुढच्या कामाची तयारी आहे, 'ठेव'मध्ये नंतरची सोय, 'दे'मध्ये दुसऱ्या कोणाचे काम हलके करणे, 'टाक'मध्ये एकदाचे उरकणे. आजीने हा फरक कधी समजावून सांगितला नव्हता, तरी आपण चुकत नाही. इंग्रजी हेच काम दिशेच्या शब्दांनी करते. म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर असतो : शेपटी ऐकली की आधी हात कुठल्या दिशेला जातो ते डोळ्यांपुढे आणायचे, कोश नंतर उघडायचा.

पाठ करायला यादी मिळेल का?

मी देत नाही. यादी पाठ झालेली मुले ओव्हनपुढे गोंधळताना मी पाहिली आहेत. त्यांना शब्द आठवतो, हात आठवत नाही.

'फोल्ड इन' म्हणजे घडी घालायची का? मिश्रणाची घडी कशी घालणार?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सर्वांत जास्त केक बिघडतात तेही इथेच.

अंड्याचा पांढरा भाग किंवा क्रीम फेटताना आपण त्यात हवा कोंडतो. नंतर त्यात मैदा किंवा चॉकलेट मिसळायचे तर ती हवा मोडता कामा नये. चमचा गोल गोल फिरवला की बुडबुडे फुटतात. शिवाय मैद्यातले ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिवटपणा देणारे प्रथिन, ताणले जाते आणि केक चिवट होतो. म्हणून सपाट स्पॅच्युला उभा धरून मिश्रणाच्या मधोमध तळापर्यंत नेतात, तळावरून सरकवत कडेला आणतात आणि खालचे मिश्रण उचलून वरच्यावर अलगद पालथे घालतात. प्रत्येक वेळी भांडे थोडे फिरवायचे. खालचे वर येऊन वरच्यावर पडते, तीच घडी. 'इन' सांगते की नवा जिन्नस आधीच्या मिश्रणाच्या पोटात जायचा आहे.

मराठीत मी 'हलक्या हाताने पोटात घेणे' म्हणते. 'एकजीव करणे' म्हणत नाही. तो शब्द ऐकला की आपला हात आपोआप जोर लावतो, कारण घरी तो शब्द बेसनाच्या लाडवांसाठी आणि पुरणासाठी वापरलेला असतो.

दोन गोष्टी कृतीत लिहिलेल्या नसतात. घट्ट मिश्रणात सगळा फेस एकदम घालू नका. आधी एक तृतीयांश घालून थोडा जोरातच मिसळा, म्हणजे खालचे मिश्रण सैल पडते. यालाच 'लूझन अप' म्हणतात. उरलेला फेस मग दोन वेळा 'फोल्ड इन' करा. दुसरी गोष्ट थांबण्याची. पांढऱ्या रेषा दिसेनाशा झाल्या की हात काढा. आणखी दोन फेरे बरे, असे वाटते तिथेच केक बसतो.

मग 'स्टर इन', 'बीट इन', 'व्हिस्क इन' यांत फरक काय?

'इन' सगळीकडे तेच, सामावून घेणे. हाताचा जोर क्रियापद सांगते : 'स्टर' ढवळणे, 'व्हिस्क' तारेच्या फेटणीने फेटणे, 'बीट' जोर लावून घोटणे. 'फोल्ड' यांत सर्वांत हलके.

'रब इन' म्हणजे आपले मोहन चोळणे ना?

जवळजवळ तेच. बडोद्यातल्या बेकऱ्यांत कारागीर 'मोण' म्हणतात, आपण मोहन म्हणतो, इंग्रज 'रब इन' म्हणतो. तिघांची बोटे एकच काम करतात. तूप किंवा लोणी पिठाच्या कणांना माखले की पाणी कणांपर्यंत कमी पोहोचते, ग्लुटेनचे लांब धागे तयार होत नाहीत आणि पदार्थ खुसखुशीत होतो. शंकरपाळ्याच्या पिठाचा मुटका वळतो की नाही हे आपण पाहतो. इंग्रजी कृतीत त्या जागी लिहिलेले असते, पीठ ब्रेडच्या चुऱ्यासारखे दिसेपर्यंत चोळा.

फरक तापमानाचा आहे आणि तो मोठा आहे. आपण मोहन बहुतेक वेळा कडकडीत तापवून घालतो. 'रब इन'मध्ये लोणी फ्रिजमधून काढलेले, घट्ट आणि थंड हवे. चोळायचे ते बोटांच्या टोकांनी, तळहाताने नाही, कारण तळहात गरम असतो. लोणी वितळले तर ते पिठात शोषले जाते, आणि टार्टच्या पारीला जो ठिसूळ, भुगा होणारा पोत हवा तो येत नाही.

'कट इन' हा याचाच अमेरिकन भाऊ. तिथे बोटांऐवजी दोन सुऱ्या किंवा तारांचे कटर वापरतात आणि लोण्याचे वाटाण्याएवढे तुकडे मुद्दाम शिल्लक ठेवतात. ओव्हनमध्ये ते तुकडे वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पिठाचे पापुद्रे एकमेकांपासून सुटतात. म्हणजे भुगभुशीत हवे तर 'रब इन', पापुद्रे हवे तर 'कट इन'.

मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की दुपारी हे काम करूच नका. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते, आणि आपल्या स्वयंपाकघराची हवा त्याहून गरम असते. मी पहाटे पाचला करते. लोणी गोठवून किसणीवर किसते आणि परातीखाली बर्फाचे ताट ठेवते.

'नॉक बॅक' म्हणजे परत ठेवायचे का?

नाही. हा प्रश्न आला की मला माझी उमेदवारी आठवते. एका हॉटेलच्या बेकरीत मी नवी होते. लग्नाच्या जेवणासाठी पावाच्या लाद्यांचे पीठ फुगत ठेवले होते. शेफ जाता जाता म्हणाले, 'नॉक इट बॅक'. मी 'बॅक' तेवढे ऐकले आणि टब उबेच्या कपाटात परत ठेवला. तासाभराने पीठ टबाबाहेर आले होते, आंबट वास सुटला होता आणि मधून खचले होते. सगळे टाकावे लागले. सर्वांसमोर बोलणी खाल्ली. पण त्या शब्दाचा अर्थ मात्र मला कोणी सांगितला नाही, आणि ते जास्त लागले. माझ्या वर्गात शब्द विचारायला कोणी कचरू नये असे मला वाटते, ते तेव्हापासून.

'नॉक बॅक' म्हणजे फुगलेल्या कणकेतली हवा दाबून काढणे. फुगलेले पीठ परत मूळ आकाराकडे न्यायचे, म्हणून 'बॅक'. अमेरिकन कृतीत यालाच 'पंच डाउन' म्हणतात. नावात ठोसा असला तरी ठोसे मारायचे नसतात. मुठीने किंवा तळव्याने दाबायचे, कडा आत घ्यायच्या आणि गोळा पुन्हा बांधायचा. हवा काढायची कशाला, असे मुली विचारतात. यीस्टने केलेला वायू बाहेर पडतो, यीस्ट आणि तिचे अन्न पिठात नव्याने वाटले जाते, कडेचे गार आणि मधले गरम पीठ एका तापमानाला येते. पुढच्या वेळी पीठ सारखे फुगते आणि पावाला मोठी भोके पडत नाहीत.

ज्या पावात भोकेच हवी असतात, जसा चाबाता किंवा सावरडोचा मोठा पाव, तिथे 'नॉक बॅक' करत नाहीत. पीठ ताणून त्याची घडी घालतात. त्याला 'स्ट्रेच अँड फोल्ड' म्हणतात, आणि इथे मात्र खरोखरीची घडी असते.

आणि 'नॉक अप'?

वेगळेच काम. पफ पेस्ट्रीच्या, म्हणजे खारीसारख्या पदरांच्या पिठाच्या, कापलेल्या कडेवर सुरीच्या पात्याने आडवे हलके टोले द्यायचे, म्हणजे कापताना दबलेले पदर मोकळे होतात आणि भाजताना वर चढतात. हा ब्रिटिश बेकरीतला शब्द आहे. भट्टीपासून दूर गप्पांमध्ये तो जपून वापरा, बोलीत त्याचा एक अर्थ अवघडल्यासारखा होईल असा आहे.

'टर्न'ची किती रूपे आहेत? प्रत्येक ओळीत 'टर्न'च दिसतो.

खरे आहे. 'टर्न ऑन' आणि 'टर्न ऑफ' सगळ्यांना येतात. 'टर्न डाउन' म्हणजे आच कमी करणे, 'टर्न अप' म्हणजे वाढवणे. 'टर्न ओव्हर' म्हणजे उलटणे. हेच नाव म्हणून आले, 'अ‍ॅपल टर्नओव्हर' असे, तर ती सफरचंदाची करंजीच समजा : सारण भरून दुमडलेली, कड दाबलेली, तळण्याऐवजी भाजलेली.

'टर्न आउट' म्हणजे साच्यातून पालथे घालून बाहेर काढणे. केक ओव्हनमधून बाहेर काढल्यावर दहा मिनिटे साच्यातच राहू द्यायचा, मग 'टर्न आउट'. लगेच काढला तर मोडतो, कारण आतला स्टार्च अजून घट्ट झालेला नसतो. फार वेळ ठेवला तर वाफेचे पाणी होऊन तळ ओलसर राहतो. कणकेबद्दल 'टर्न आउट' आले तर ती भांड्यातून पिठी भुरभुरलेल्या ओट्यावर काढायची. 'द केक टर्न्ड आउट वेल' असे कोणी म्हटले, तर केक छान जमला एवढाच अर्थ.

शेपटीशिवायचा 'टर्न' पफ पेस्ट्रीत येतो. लोणी भरलेली लादी लाटून तिची तीन पदरी घडी घालायची आणि पाटावर एक चतुर्थांश फिरवायची, हा एक 'टर्न'. सहा 'टर्न' झाले की लोण्याचे थर दर वेळी तिप्पट होत ७२९ होतात. आपल्या कोपऱ्यावरच्या बेकरीतली खारी याच कुळातली आहे.

'ड्राय आउट' कधी 'करा' असते, कधी 'होऊ देऊ नका'. असे का?

शू पेस्ट्रीत 'ड्राय आउट' ही आज्ञा आहे. एक्लेअर ज्या पिठाचे करतात तीच ही. पाणी, लोणी आणि मैद्याचा उकडीसारखा गोळा गॅसवर परतत राहायचा. गोळा कडा सोडतो, पातेल्याच्या तळाशी पातळ पापुद्रा धरतो. उकडीच्या मोदकांची उकड ज्यांनी केली आहे त्यांना हे दृश्य लगेच ओळखू येते. पाणी इतके उडाले की मगच अंडी भरपूर मावतात आणि कवच पोकळ फुगते. भाजून झाल्यावरही ओव्हनचे दार किंचित उघडे ठेवून कवचे 'ड्राय आउट' करतात, नाहीतर आतल्या वाफेने ती मऊ पडून खचतात. या खचण्याला 'केव्ह इन' म्हणतात.

कणीक झाकायला सांगताना तोच शब्द दोष होतो. गोळ्यावर साल धरली तर तो फुगताना फाटतो, म्हणून ओले फडके टाका. शब्द एकच, पाणी कुठून जायला हवे आणि कुठे राहायला हवे ते पदार्थ ठरवतो.

याच घरातला 'कुक आउट'. पेस्ट्री क्रीम, म्हणजे दूध, साखर, अंड्याचा बलक आणि कॉर्नफ्लोअर यांचे शिजवलेले घट्ट क्रीम. पहिला बुडबुडा आला की मुली घाबरून गॅस बंद करतात. तिथे 'कुक आउट' लिहिलेले असते, म्हणजे कच्चेपणा निघून जाईपर्यंत शिजवा. उकळी आल्यावर एक ते दोन मिनिटे सतत ढवळत राहायचे. कच्च्या पिठाची चव जाते हे एक कारण. दुसरे जास्त महत्त्वाचे : बलकात अमायलेज नावाचे विकर असते आणि ते स्टार्च तोडते. पुरेशा उष्णतेने ते निकामी झाले नाही, तर रात्री घट्ट दिसलेले क्रीम सकाळी पातळ झालेले मिळते. पिठले करताना बेसनाचा कच्चा वास जाईपर्यंत आपण गॅस बंद करत नाही. हाही तसाच धीर आहे.

'बॉइल डाउन' आणि 'बॉइल ओव्हर'?

आटवणे आणि उतू जाणे. बासुंदी 'बॉइल डाउन' होते, लक्ष नसले तर 'बॉइल ओव्हर'.

'लेट डाउन' म्हणजे निराश करणे असे शाळेत शिकलो. आयसिंगला निराश कसे करणार?

बेकरीत 'लेट डाउन' म्हणजे घट्ट झालेले सैल करणे. गनाश (चॉकलेट आणि क्रीमचे मिश्रण), फोंडंट (साखरेचे मऊ आयसिंग) किंवा ग्लेझ (वरून द्यायचा चकचकीत लेप) फार जाड झाले तर थोडे कोमट दूध, पाक किंवा पाणी घालून ते 'लेट डाउन' करतात. आमटी घट्ट झाली की आपण आधणाचे पाणी घालून सारखी करतो, तसेच. एकदम ओतू नका, चमचा चमचा घाला.

पण वितळलेल्या नुसत्या चॉकलेटला असे सैल करायला जाऊ नका. त्यात पाण्याचे दोन थेंब पडले की ते 'सीज अप' होते. कोको आणि साखरेचे कोरडे कण तेवढ्याशा ओलाव्याने एकमेकांना धरतात आणि चमकदार रस क्षणात खडबडीत गोळा होतो. असे झाले तर गरम दूध किंवा क्रीम बऱ्यापैकी घालून घोटा. त्याचे सॉस किंवा गनाश होते, वड्या पाडण्याजोगे चॉकलेट मात्र ते राहत नाही.

चॉकलेटच्या कृतीत 'ब्रिंग डाउन टू' आणि 'ब्रिंग बॅक अप टू' असते. खाली-वर काय करायचे?

भांडे नाही, तापमान. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांना पूर्ण वितळवायचे, २७-२८ अंशांपर्यंत 'ब्रिंग डाउन' म्हणजे उतरवायचे, मग ३१-३२ अंशांपर्यंत 'ब्रिंग बॅक अप' म्हणजे पुन्हा चढवायचे. या उतरणी-चढणीत कोको बटरचे हवे तेच स्फटिक टिकतात. म्हणून वडीला चकाकी येते आणि ती टचकन मोडते. थर्मामीटर घ्याच, बोटाने हा अंदाज येत नाही. 'कूल डाउन' आणि 'वॉर्म अप'मध्येही 'अप-डाउन' उष्णतेचेच. मराठीत आपणही ताप चढला, ताप उतरला असेच म्हणतो.

'होल्ड बॅक' पाण्याबद्दल का लिहितात?

'होल्ड बॅक सम ऑफ द वॉटर' म्हणजे थोडे पाणी राखून ठेवा, सगळे एकदम ओतू नका. हे वाक्य दिसले की त्याखाली रेघ मारा. परदेशी कृतीतले पाण्याचे माप तिथल्या पिठासाठी असते. आपला मैदा वेगळा, तोही पाकिटागणिक बदलतो, आणि श्रावणात हवेतला ओलावा पिठात शिरलेला असतो. मी पावसाळ्यात साधारण दहावा हिस्सा पाणी बाजूला ठेवते आणि कणकेचा हात पाहून चमच्याने घालते. गुजरातीत लोट बांधतात, आपण कणीक भिजवतो, पण पाणी बेताबेताने घालायचे हे दोन्ही घरांत आईच शिकवते.

जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या बेकरीत लागणारे शब्द सांगाल? यूट्यूबवर ते मिळत नाहीत.

आनंदाने, हे मला फार आवडतात. 'स्केल ऑफ' म्हणजे मोठ्या कणकेतून तराजूवर वजन करून गोळे तोडणे. 'स्केल' इथे तराजू. ('स्केल अप' वेगळे, ते कृतीचे प्रमाण वाढवणे.) 'हँड अप' म्हणजे तोडलेले गोळे तळहाताखाली फिरवून गोल, गुळगुळीत करणे. पुऱ्यांच्या लाट्या करताना जो हात फिरतो, त्याचाच मोठा भाऊ. 'पिन आउट' म्हणजे लाटणे, कारण लाटणे म्हणजे 'रोलिंग पिन'. 'थंब अप' म्हणजे टार्टच्या साच्यात पारी बसवताना अंगठ्याने दाबत कडा वर चढवणे, मोदकाची पारी वर आणतो तशी.

अमेरिकन बेकरीत 'मेकअप' हा शब्द सापडला तर दचकू नका. गोळे तोडण्यापासून ट्रेमध्ये लावण्यापर्यंतच्या घडणीच्या कामाचे ते नाव आहे.

'बेक ऑफ' म्हणजे स्पर्धा ना?

तोही अर्थ आहे. कामावर मात्र आधी घडवून गोठवलेले क्रोसाँ किंवा कुकी लागतील तशा भाजून काढणे म्हणजे 'बेक ऑफ'. कॅफेत पहिली नोकरी लागली, तर पहाटेचे पहिले काम बहुधा हेच असते.

'रन आउट'चा क्रिकेटशी संबंध आहे का?

बडोद्यातली मुले हे विचारणारच. 'वी हॅव रन आउट ऑफ बटर' म्हणजे लोणी संपले. सजावटीत 'रन आउट' म्हणजे रॉयल आयसिंगची बाह्यरेषा काढून तिच्या आत पातळ आयसिंग सोडून भरलेला, वाळवून केकवर लावायचा नक्षीचा तुकडा. संक्रांतीला पतंगाच्या आकाराचे आम्ही वर्गात करतो.

काम संपताना काय काय सांगतात?

'वाइप डाउन' ओटा पुसून घेणे. 'स्क्रेप डाउन' भांड्याच्या कडा खरवडून मिश्रण खाली आणणे, हे मात्र कामाच्या मध्येही दहा वेळा ऐकाल. 'यूज अप' उरलेले वापरून संपवणे. 'टॉप अप' कमी झालेले भरणे. 'पुट अवे' जागच्या जागी ठेवणे. 'वॉश अप' इंग्लंड-ऑस्ट्रेलियात म्हणजे भांडी घासणे, अमेरिकेत बहुधा हात-तोंड धुणे. ऑस्ट्रेलियाला गेलेली माझी एक विद्यार्थिनी पहिल्या दिवशी हात स्वच्छ धुऊन उभी राहिली आणि सिंक तसेच भरलेले. चूक तिची नव्हती, शब्दाला दोन देश होते.

'फोल्ड इट इन' की 'फोल्ड इन इट'?

'फोल्ड इट इन'. जिन्नसाचे नाव दोन्हीकडे चालते : 'फोल्ड इन द फ्लावर' (फ्लावर म्हणजे इथे पीठ) किंवा 'फोल्ड द फ्लावर इन'. पण 'इट' किंवा 'देम' आले की ते मध्येच बसते : 'रोल इट आउट', 'टेक देम आउट', 'नॉक इट बॅक', 'स्क्रेप इट डाउन'. एवढा नियम तोंडात बसवा. मुलाखतीत व्याकरणाची दुसरी चूक खपते, ही लगेच कानाला लागते.

गडबडीत बोललेले कळत नाही. काय ऐकायचे?

शेवट ऐका. आज्ञा देताना अशा जोडीत जोर बहुधा शेपटीवर पडतो : 'टर्न इट ओव्हर'मध्ये 'ओ' ठसठशीत. वस्तूचे नाव असेल तर जोर पहिल्या तुकड्यावर येतो : 'टर्नओव्हर'मध्ये 'टर्न'. मिक्सर चालू असताना शेपटीही ऐकू आली नाही, तर 'इन ऑर आउट?' एवढे विचारा. कोणी रागावत नाही.

वहीत अर्थ मराठीतून लिहिला तर चालेल? की इंग्रजीतच विचार करायची सवय लावू?

मराठीतूनच लिहा. या शहरात हे सांगायला मला जरासुद्धा संकोच नाही. १८९० साली महाराज सयाजीराव गायकवाडांनी इथे कलाभवन सुरू केले, त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्रमुख होते. रंगकाम, यंत्रकाम यांसारखी धंद्याची विद्या तिथे गुजरातीतून शिकवत, कारण हाताचे काम माणूस आपल्या भाषेत लवकर धरतो, ही त्यामागची श्रद्धा. ओव्हनपुढेही मला तेच दिसते. 'फोल्ड इन' शेजारी 'मिसळणे' लिहिलेत तर काही उपयोग नाही. 'तळापासून उचलून वर पालथे घालणे, हलक्या हाताने' असे लिहिलेत की पुढच्या वेळी शब्द ऐकताच मनगट वळते. इंग्रजी शब्द कानासाठी ठेवा आणि मराठी हातासाठी.

आमचे चिरोटे इंग्रजीत सांगायचे आहेत. शेजारीण कॅनडाची आहे.

हा प्रश्न मागच्या दिवाळीत आला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून फळ्यावर सोडवला. तूप आणि तांदळाची पिठी फेसून साटा करायचा : 'बीट टुगेदर'. मैद्याच्या पातळ पोळ्या लाटायच्या : 'रोल आउट'. साटा वरून पसरायचा : 'स्प्रेड ओव्हर'. तीन पोळ्या एकावर एक रचायच्या : 'स्टॅक अप'. वळकटी करायची : 'रोल अप'. तुकडे कापायचे : 'कट अप'. कापलेली बाजू वर ठेवून दाबायचे : 'प्रेस डाउन'. पुन्हा हलकेच लाटायचे : 'रोल आउट'. मंद तेलात सोडायचे : 'लोअर इन'. तेल निथळायचे : 'ड्रेन ऑफ'. वरून पिठीसाखर : 'डस्ट ओव्हर'.

अडलो फक्त 'पदर सुटणे'पाशी. बराच वेळ काही सुचेना. मग मागच्या बाकावरून एकजण म्हणाली, 'काकू, लेयर्स ओपन आउट.' तळताना पाकळ्या बाहेरच्या बाजूला उमलतात, म्हणून 'आउट'. तेच फळ्यावर लिहिले.